सोपानच्या वाट्याचे देव

कळंब
१४ नोव्हेंबर १९९५

सोपान,

आधी आशीर्वाद घे, मग रागव. सहा वर्षांनी थोरल्या भावाचं पाकीट आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं तुझ्या मनात येईल. कुणी गेलेलं नाही. मी आहे, तुझी फुलावहिनी आहे, रविराज आणि त्याची बायको योगिनी बरी आहेत.

एकच विचारायचं होतं. देवाचे चांदीचे टाक काळे पडलेत. आई ते कशानं घासायची, चिंचेनं की राखेनं? तू तिच्याजवळ बसलेला असायचास, म्हणून तुला माहीत असेल. फुला म्हणते चिंचेनं, पण ती मुद्दाम काहीतरी सांगते अशी मला शंका आहे.

दिवाळीपासून पूजा माझ्याकडे आली आहे. फुलाचे गुडघे धरलेत. पाडव्याला तिनं मला ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि म्हणाली, "आजपास्नं देव तुमचं तुमी बघा. कारखाना सुटून वरीस झालं, रिकामंच तर बसताय."

रिकामा मी नसतो. मी विणतो. हसू नकोस. बासष्ट साली पुण्याला क्षयाच्या दवाखान्यात आठ महिने होतो, तेव्हा लीलाबाई नावाच्या नर्सनं मला दोन सुया हातात दिल्या होत्या. पडून पडून माणूस वेडा होतो म्हणाली. आपल्या बाबांनी मेंढरांमागं चालताना चातीवर सूत काढलं, तेव्हा लोकर काही मला परकी नव्हती. पण पुढं कारखान्यात स्टोअरला लागलो, तिथं विणतो म्हटलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं. तीस वर्षं सुया ट्रंकेत होत्या. आता कुणाच्या बापाची भीती नाही. ओट्यावर बसून उघड विणतो. गल्लीत सात कानटोप्या दिल्या. पोस्टमन मानसिंगला मफलर दिला. माणूस हातात घेतो, उलटसुलट करून बघतो, "तात्या, तुमी केलं?" म्हणतो, आणि तिथंच डोक्यावर चढवतो. असलं समाधान मला पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

पण देवाचं काही जमत नाही बघ. टाकाचं तेवढं कळव.

तुझा
महिपती


कळंब
९ डिसेंबर १९९५

सोपान,

पत्र मिळालं नसेल असं धरून परत लिहितो. पोस्टाचा काही भरवसा नाही. मानसिंगला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तात्या, पोस्टावर घालू नका, पत्र पोचलंय."

टाक चिंचेनं घासले. फुला खरं सांगत होती.

पूजेचं काय होतं ते सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. पहिले चार दिवस नीट झाले. आंघोळ, टाक ताम्हनात घेऊन धुणं, पुसणं, भंडारा लावणं, दिवा, उदबत्ती. पाचव्या दिवशी उठल्याबरोबर वाटलं, बाहीच्या दोन ओळी घालून घेऊ, मग आंघोळ. दोनाच्या वीस झाल्या आणि ऊन अंगणात आलं. सहाव्या दिवशी तसंच. मग फुलानं सुया उचलल्या आणि ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खुपसून ठेवल्या. पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणाली. साठीच्या माणसावर ही वेळ! आता रोज डब्यातून सुया काढतो आणि झटकतो. राखाडी लोकरीच्या टोपीवर पीठ दिसतं, लोकांना वाटतं नक्षी आहे.

सुया नसल्या तरी मन तिकडंच. देवापुढं डोळे मिटतो आणि गळ्याचे टाके किती घालावे ते मोजत बसतो. परवा तिथंच डुलकी लागली. तीन दिवस बिरोबाचा टाक उलटा मांडलेला होता, तोही फुलानंच दाखवला. पोट धरून हसली. "देवाचं त्वांड भिंतीकडं, न् भक्ताचं ध्यान लोकरीकडं," म्हणाली. तिला हसताना बघून बरं वाटलं, हेही खरं.

आई दिवा लावल्यावर काहीतरी पुटपुटायची. काय म्हणायची ती? ते शब्द मिळाले तर माझं मन थांबेल असं वाटतं. मला फक्त तिचे हलणारे ओठ आठवतात. मी तेव्हा पहिल्या पाळीला निघायच्या गडबडीत असायचो.

मागचं उकरत नाही. आईच्या तेराव्याला तू फक्त बिरोबाचा टाक मागितलास आणि मी जरा मोठ्यानं बोललो असेन. पण थोरल्याकडं देव जातात ही आपल्यात रीतच आहे. आईनंही जाताना वेगळं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कशाला अडवलं असतं?

बनाबाईंना नमस्कार सांग. टोमॅटो लावलेत असं ऐकलं.

महिपती


कळंब
६ जानेवारी १९९६

सोपान,

बनाबाई बारामतीच्या बाजारात फुलाला भेटल्या. दोघी जावा भाजीच्या ढिगाआड अर्धा तास बोलत उभ्या होत्या म्हणे. त्यांना रागावू नकोस. तुझी नात मोना आता पळते, बोलते, आणि तिला लाल रंग आवडतो, एवढं त्यातून माझ्यापर्यंत आलं. नातीचं बारसं झालं तेही आम्हाला बाजारातच कळलं होतं.

तर याबरोबर वेगळ्या पार्सलनं लाल स्वेटर पाठवला आहे. लोकर बारामतीच्या दुकानातली आहे, आपल्या मेंढरांसारखी टोचणारी नाही. माप कुणाचं घ्यावं कळेना, म्हणून अंगणवाडीतल्या एका पोरीला उभं करून घेतलं. ती म्हणाली, "आजोबा, हा माझा का?" मी म्हणालो, "न्हाय, हा माझ्या नातीचा." तोंडातून गेलं. मग त्या पोरीलाही टोपी द्यावी लागली.

पाठीवर पाच बदकं आहेत. तिसरं बदक नीट बघू नकोस. ते विणताना फुला आतून ओरडली, "दिवा लावला का?" आणि माझा एक टाका निसटला. मान वाकडी झाली. उसवून परत करायला हवं होतं, पण मोनाला ते मान वळवून मागं बघतंय असं सांग.

पूजेचं खरं सांगायचं तर डिसेंबरात निम्मे दिवस झाली. निम्मेही नाही. ज्या दिवशी चुकते, त्या दिवशी फुला स्वतःही करत नाही. गुडघे दुखत असतानाही अंगणभर फिरते, शेणी थापते, पण देवाच्या फळीपुढून जाताना मान फिरवते.

थंडी आहे तोवर पोरीला स्वेटर घाल.

महिपती


कळंब
२ फेब्रुवारी १९९६

सोपान,

पार्सल परत आलं.

सकाळी मानसिंग सायकल लांब लावून चालत आला, तेव्हाच मला कळलं. त्याच्या गळ्यात मी विणलेला मफलर होता आणि हातात मी पाठवलेलं पुडकं. वर लिहिलेलं, घेण्यास नकार. मी शिवलेलं कापड तसंच, सुतळीची गाठही तशीच. उघडूनसुद्धा बघितलं नाहीस.

माझ्यावर राग धर. दोन वर्षांच्या पोरीचा स्वेटर परत करतात का? ती लोकर काय मी तुझ्या रानातून आणली होती? बरं झालं. आता लिहिणार नाही.

महिपती


कळंब
४ फेब्रुवारी १९९६

सोपान,

परवाचं पत्र फाडून टाक. रागात पेटीत टाकलं. मानसिंगकडं परत मागितलं, पण पेटीत पडलेलं काढता येत नाही म्हणाला.

त्या दिवशी पुडकं मांडीवर घेऊन बसलो होतो. फुला दारात आली. मला वाटलं ती तुला नावं ठेवील. ती म्हणाली, "त्येनं बरूबर केलं."

मी म्हणालो, "काय बरूबर केलं?"

"त्येचं त्येला द्याचं सोडून तुमी स्वेटर धाडताय."

मग ती आत गेली. मी दोन दिवस विणलं नाही, पूजाही केली नाही. आज लिहितो. नीट वाच, आणि बनाबाईंनाही वाचून दाखव.

आईनं सांगितलं होतं.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी तू वांगी घेऊन बारामतीला गेला होतास. मी तिच्या उशाशी होतो. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "महिपती, देव सोपानला दे. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय. तू चांगला हायस, पर तुझ्याच्यानं व्हायचं न्हाय." मी बरं म्हणालो. बरं म्हणालो सोपान, तिच्या तोंडावर.

आणि तेराव्याला तू सगळे टाकही मागितले नाहीस. एक बिरोबा मागितलास. भावकी बसलेली, तुझे मेहुणे वडगावहून आलेले, आणि मी उठून म्हणालो, "देव म्हंजी काय भाकरी हाय, तुकडा मोडून मागाया?" लोक हसले. तू बनाबाईंना घेऊन उठलास, तो त्यांच्या माहेरी वडगावला गेलासच.

का केलं, ते इतकी वर्षं मी स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं. देवाची मला काही असोशी नव्हती. आईनं मला चांगला म्हटलं, पण लायक नाही म्हटलं, ते मला लागलं. मी घर चालवलं, तुझं लग्न केलं, आणि देव तुला. तुला दिले असते तर लोकांनी विचारलं असतं, थोरल्याला का नाही? एवढंच कारण.

फुलानं ते दारामागून ऐकलं होतं. तिनं मला कधी टोकलं नाही. सहा वर्षं रोज ते टाक धुतले, पुसले. पाडव्याला ती जे बोलली, ते मी तुला अर्धंच लिहिलं होतं. ती म्हणाली, "दुसऱ्याचं देव मी सा वर्सं सांभाळलं. आता मला पाप लागंल. तुमी आनलं, तुमी बघा." गुडघे धरलेत हे खरं आहे, पण ती गुडघ्यांसाठी थांबलेली नाही.

आणि आई म्हणाली तेच झालं. माझ्याच्यानं होत नाही.

देव तुझे आहेत. मी आणून देतो. तू ये म्हणालास तर येईन. नको म्हणालास तर रविराजच्या हाती पाठवीन. काहीच कळवलं नाहीस तर रोज जमेल तशी पूजा करत राहीन आणि वाट बघेन.

महिपती


कळंब
१२ मार्च १९९६

सोपान,

तुझं कार्ड काल आलं. मानसिंगनं ते लांबूनच हात वर करून दाखवलं. त्याचं वाचून झालेलं होतं, कार्ड म्हटल्यावर काय लपतं!

"पत्र मिळालं. टोमॅटोची तोडणी चालू हाय. देव घिऊन ये. सोपान."

एवढंच, पण मी ते पाच-सहा वेळा वाचलं. फुलाला दिलं तर तिला अक्षर लागत नाही, तरी तिनं ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. योगिनीनं मोठ्यानं वाचल्यावर ती उठली आणि गूळ घालून शिरा केला. कुणाचा सण म्हणून विचारलं तर माझ्या ताटात आणखी एक डाव वाढला.

गुढीपाडवा २० तारखेला आहे. तो इथं करून २१ ला निघतो. बारामतीला गाडी बदलून दुपारपर्यंत वडगावला पोचेन.

एक गंमत सांगतो. देव द्यायचे ठरल्यापासून पूजा एकदाही चुकली नाही. पाहुणा जायला निघाला की घरातली माणसं त्याच्याशी जास्त बोलतात, तसं झालंय. टाक ठेवायला पिवळ्या लोकरीची एक पिशवी विणली आहे, प्रत्येकाला वेगळा कप्पा. एकमेकांवर घासू नयेत म्हणून.

मला भीती वाटते, तेही लिहून ठेवतो. दारातून परत पाठवायचं असलं तर आधीच कळव. या वयात पुडक्यासारखं परत यायला नको.

महिपती


वडगाव निंबाळकर
२६ मार्च १९९६

फुला,

हे पत्र योगिनी वाचून दाखवेल. योगिनी, सावकाश वाच, आणि मधे मधे तुझ्या सासूकडं बघू नकोस, तिला आवडत नाही.

दोन दिवसांत येतो म्हणून निघालो, त्याला आज सहा दिवस झाले. काळजी करू नकोस. जेवणखाण व्यवस्थित आहे. काय झालं ते पहिल्यापासून सांगतो.

गाडीत पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. कंडक्टर म्हणाला, "तात्या, वर ठेवा की." मी म्हणालो, "देव हायत." त्यानं पुढच्या सीटवरचा माणूस उठवून मला खिडकीशी बसवलं.

सोपान रानात होता. बनाबाईंनी दारात माझ्या पायावर पाणी घातलं. डोक्यावरचा पदर सारखा करत एवढंच म्हणाल्या, "भावजी, लई दिस लावलं." मग तासभर मी ओसरीवर बसून. निरोप गेला होता, तरी तो येईना. शेवटी आला. हाताला टोमॅटोचा हिरवा रंग, केस पिकलेले. फुला, तो बाबांसारखा दिसायला लागलाय. मी उठून उभा राहिलो.

"आलास?" म्हणाला.

"आलो."

"च्या घ्यातला का?"

"घ्यातला."

मी पिशवी पुढं केली. त्यानं हात धोतराला पुसले, पण घेतली नाही. आत चल म्हणाला.

आत कोनाडा आहे, देवासाठीच ठेवलेला. त्यात बियाण्यांची पाकिटं, औषधाची बाटली आणि दाढीचं सामान होतं. मला वाटलं देव दुसरीकडं असतील. विचारलं, "तू पूजेला बसतोस कुठं?"

"बसत न्हाय."

"म्हंजी?"

"आयच्या तेराव्यापास्नं बसलो न्हाय. कुनाफुडं बसू? भिताडाफुडं?" मग म्हणाला, "लई राग आला हुता दादा. तुझा बी आन् देवाचा बी. ह्यो तुझ्याकडं गेलाच कसा, म्हनून."

फुला, मी तिथंच खाली बसलो. मला सहा वर्षं वाटत होतं, त्याचे चांदीचे पाच तुकडे माझ्याकडं आहेत, एवढंच. ज्याला लहानपणापासून देवाजवळ बसल्याशिवाय चैन पडत नव्हती, त्याचं बसणंच मी बंद केलं होतं. आणि मी त्याला पत्रं काय लिहिली, तर माझं मन लागत नाही, मला शब्द सांग. ती पत्रं वाचताना त्याला काय झालं असेल!

मी म्हणालो, "सोपान, माझं चुकलं." तो म्हणाला, "आता आलायस न्हवं." पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. मी बोललो होतो चारचौघांत.

संध्याकाळी बनाबाईंचे दोन्ही भाऊ आले. तेराव्याला तेही होते. माझ्याशी नीट बोलत नव्हते, आणि त्यात त्यांची चूक नाही. मी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. "आईनं देव सोपानला द्यायला सांगितलं होतं. म्या लपवलं. त्या दिवशी जे बोललो ते खोटं बोललो." थोरला मेहुणा खाली बघत तंबाखू मळत राहिला. मग सोपान आतल्या बाजूला वळून म्हणाला, "अगं, च्या टाक समद्यांस्नी." तेवढ्यावर ते मिटलं. त्यानंतर मेहुण्यानं मला कारखान्याचं विचारलं, पेन्शनचं विचारलं.

कोनाडा दुसऱ्या दिवशी बनाबाईंनी सारवला. सकाळी सोपान आंघोळ करून आला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. म्हणाला, "दादा, हात इसरलाय. तू सुरू कर."

मी! ज्याला उलटा टाक कळत नाही, तो! पण केलं. ताम्हन त्याच्यापुढं ठेवलं, टाक एकेक करून त्याच्या हातात दिले. त्यानं एकदम तांब्याभर पाणी ओतलं. मी म्हणालो, "बेतानं. आन् पुसल्याबिगर भंडारा लावू नगंस, चिकाट हुतो." लहानपणी मी त्याला पोहायला शिकवलं होतं, त्यानंतर त्याला काही शिकवायची ही पहिलीच वेळ. दिवा लागला. मग मी विचारलं, "आय काय म्हनायची रं?"

तो म्हणाला, "मला काय ठावं! ती पुटपुटायची. म्या ईचारलं तर चापट मारायची. म्या आपलं 'सांभाळ' म्हनायचो."

"बस, येवढंच?"

"आनि काय म्हनायचं असतंय?"

मग आम्ही दोघांनी तेवढंच म्हटलं. त्याचे डोळे भरून आलेले होते, म्हणून मी पंचा शोधायचं निमित्त करून बाहेर गेलो. तेव्हापासून रोज असंच चाललंय. तो म्हणतो, आणखी चार दिवस राहा, मोडलेली सवय आहे, एकट्यानं बसेल असा भरवसा वाटत नाही. म्हणून थांबलोय.

आता मोनाचं. बरोबर आणलेला तो लाल स्वेटर तिला होत नाही. अंगणवाडीतल्या पोरीचं माप चुकलं, ही पोर बनाबाईंवर गेली आहे, दणकट. बाही कोपरापर्यंत येते आणि डोकं गळ्यातून जातच नाही. तिनं तो हिसकावून घेतला आणि पळाली. थोड्या वेळानं बघतो तर सोपानच्या कोकराच्या अंगात लाल स्वेटर, पाठीवर बदकं! ते बिचारं उड्या मारतंय आणि त्याची आई त्याला ओळखेना. आधीच अंगावर लोकर, त्यात ही दुकानातली. सोपान हसायला लागला. फुला, तू त्याचं हसणं विसरली असशील, खाली बसून हसतो तो. मी म्हणालो, "माझी मेहनत हाय ती." तर म्हणाला, "कोकराला अगदी मापात बसलंय, दादा."

मोनाचं माप आता सुतळीनं घेतलंय, गाठी मारून. बनाबाईंना खांद्यावर घ्यायला काहीतरी हवंय, त्या बोलणार नाहीत, पण माझ्या हातातल्या विणकामाला दोनदा हात लावून गेल्या.

सुया पिठाच्या डब्यात ठेवायला इथं कुणी नाही. तरी पूजा आधी होते. सोपान दारात उभा असतो ना.

शनिवारी येतो.

महिपती


कळंब
४ ऑक्टोबर १९९६

सोपान,

कार्ड मिळालं. तोडणीच्या गडबडीत तीन दिवस पूजा राहिली आणि तोंड दाखवायला लाज वाटते, असं तू लिहिलंस. ते वाचून मला फार बरं वाटलं. रागावू नकोस. मला वाटायचं हे फक्त माझंच होतं.

चुकू दे. मी तुला अनुभवानं सांगतो. चुकलं की माणूस दुसऱ्या दिवशी लाजेनं बसत नाही, आणि तिसऱ्या दिवशी बसायला जड जातं. तू आज बस. आंघोळीला उशीर झाला तरी बस. हात जोडून "सांभाळ" म्हण आणि रानात जा. तीन दिवसांचा हिशोब बिरोबा मागत नाही, त्यानं माझा सहा वर्षांचा मागितला नाही.

इथं काय चाललंय म्हणून विचारलंस. तुझ्याकडून आलो तेव्हा फुलानं विचारलं, "आता सुट्टी का?" फळी रिकामी होती. पहिल्या दिवशी मी सुया घेऊन ओट्यावर गेलो, कुणी अडवलं नाही. दहा-बारा ओळी झाल्या आणि हात थांबला. काही मोठं झालं नाही, सवयीनं थांबला. आत जाऊन बघतो तर फुलानं फळी पुसून तिथं नुसता दिवा लावलेला, आणि खाली बसायला पाट टाकलेला. तिला विचारलं, गुडघे? ती म्हणाली, "आता वाकाया येतंय." तेव्हापासून कधी ती बसते, कधी मी, कधी दोघं. परवा दोघंही विसरलो आणि दुपारी जेवताना आठवलं. तसंच उठून दिवा लावला, मग भात गार झाला.

मोनाचा नवा स्वेटर झालाय, या वेळी मापाचा, वाढत्या अंगाचा धरून. बनाबाईंची शाल दोन वीत राहिली आहे. तुझ्यासाठी बिनबाह्यांचा विणायला घेतला होता, पण तुझं माप घ्यायचं राहिलं, म्हणून स्वतःच्या अंगावर लावून बघतो. बहुतेक सारखंच असेल. पोट तेवढं माझं जास्त आहे.

यंदा घट थोरल्या घरी बसू देत, असं तू लिहिलंस, ते फुलाला दोनदा वाचून दाखवायला लावलं. तिनं त्याच दिवशी घर काढलं धुवायला. दसऱ्यापर्यंत देव इथं, मग तू घेऊन जा. दर वर्षी असंच करू. पण पूजेला तू बसायचंस, मी शेजारी बसेन. आईनं तुझं नाव सांगितलंय.

१२ तारखेला सगळे या. कोकरू मोठं झालं असेल, ते आणू नका, गाडीत घेणार नाहीत. मोनाला खिडकीशी बसव. बारामतीहून सकाळची गाडी धर, ती आठ-सव्वाआठला कळंबच्या फाट्यावर येते, कधी लवकरही येते. म्हणून मी सातलाच तिथं येऊन थांबतो. त्या दिवशी दिवा लावून झालेला असो नसो, मी फाट्यावर उभा असेन.

तुझा दादा
महिपती